रेघबाईंचा समास

आमच्या वसाहतीतल्या रेघबाई फळ्यावर पट्टी न लावता रेघ मारायच्या. खडू फळ्याच्या डाव्या कडेला टेकवायचा, एकदा उजव्या कडेकडे बघून घ्यायचं आणि मग हाताकडे न बघता चालू लागायचं. बाई चालायच्या आणि रेघ त्यांच्याबरोबर चालायची. तास संपून त्या वर्गाबाहेर पडल्या की मुलं लाकडी पट्टी घेऊन फळ्याकडे धावायची आणि रेघेला लावून बघायची. कुठेतरी केसाएवढी फट सापडावी अशी सगळ्यांची फार इच्छा असायची. माझी थोरली मुलगी त्या वर्गात होती. ती घरी येऊन दप्तर टाकता टाकता सांगायची, "पप्पा, आजपण नाही सापडली." त्यावरून बाईंना हे नाव पडलं. आडनाव हजेरीपटावर राहिलं आणि द्वारकेच्या चौकापासून आमच्या वसाहतीपर्यंत त्यांना सगळे रेघबाई म्हणू लागले. त्यांना ते माहीत होतं. "नाव वाकडं ठेवलं नाही ना पोरांनी, मग चालेल," असं त्या म्हणायच्या.

विहाराचं मंडळ यंदा स्मरणिका काढतं आहे. मंडळाची पोरं घरी येऊन म्हणाली, "डॉक्टर, बाईंवर तुम्हीच लिहा. शेवटची दहा-बारा वर्षं त्यांना तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?" कुणीच नाही, हे खरं. म्हणून लिहायला बसलो आहे. पण दोन चुका आधी दुरुस्त करायच्या आहेत. वसाहतीत अजून म्हणतात की म्हातारपणी रेघबाईंचा हात गेला. हात गेला नव्हता, तो शेवटपर्यंत शाबूत होता. दुसरी चूक म्हणजे मी डॉक्टर नाही. जुन्या माणसांना हे माहीत आहे, नव्यांना नाही. या दोन चुकांचा एकमेकींशी संबंध आहे. तो सांगून झाला की माझा लेख संपेल.

बाई मूळच्या विंचूरकडच्या. आई दुसऱ्यांच्या वावरात कांद्याची रोपं लावायला जायची आणि शाळेला सुट्टी असली की बाईही तिच्याबरोबर वाकून रोपं लावायच्या. आईची एकच शिकवण असायची, "पोरी, रोपाकडं नको बघू, बांधाकडं बघ. रोपाकडं बघितलं की रांग वाकडी व्हती." बाई सांगायच्या, "माझं डी.एड. तिथंच झालं. पुढचं नुसतं सर्टिफिकेट." फळ्यावर रेघ मारताना त्या हाताकडे का बघत नसत, ते मला हे ऐकल्यावर कळलं.

वह्यांच्या बाबतीत बाई फार कडक होत्या. अक्षर कसंही असो, डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडलेला असला पाहिजे. समास न सोडणाऱ्या मुलाची वही त्या तपासतच नसत. एकदा माझ्या मुलीने विचारलं होतं, "बाई, एवढा कागद वाया का घालवायचा?" बाई म्हणाल्या, "वाया नाही गं. मधल्या जागेत सगळे लिहितात. चुकलं की दुरुस्ती लिहायला जागा लागते. समास म्हणजे चूक कबूल करायची जागा." माझ्या मुलीने हे वाक्य तेव्हा पाठ केलं होतं. आता तिला मुलं झाली, ती त्यांना ऐकवते. मला मात्र त्याचा अर्थ फार उशिरा लागला.

निवृत्त झाल्यावर बाईंची रेघ फळ्यावरून विहाराच्या अंगणात आली. जयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला विहारासमोर पाच हातांचं धम्मचक्र काढायचा मान त्यांचा. मधे खिळा ठोकून, दोरी बांधून वर्तुळ काढायचं. दोरी लागायची ती तेवढ्यापुरतीच. चोवीस आरे त्या नुसत्या चिमटीने काढायच्या. रांगोळी चिमटीतून अशी सुटायची जशी सुतळी उलगडते आहे. आम्ही खुर्च्या मांडत, माइकच्या वायरी ओढत असायचो. बाई आऱ्यांना बसल्या की आपोआप सगळे गप्प व्हायचे. वंदना नावाची शेजारची तरुण बाई रंग भरायला मदतीला असायची. ती म्हणायची, "बाई, तुमच्या बोटात फूटपट्टी आहे." त्यावर बाईंचं ठरलेलं उत्तर, "बोटात नाही गं, डोळ्यात."

आता माझ्या डॉक्टरकीबद्दल. मी सरकारी दवाखान्यात नेत्र सहाय्यक होतो. चष्म्याचा नंबर काढणे, डोळ्यात थेंब घालणे, मोतीबिंदूचे पेशंट शोधून डॉक्टरांकडे पाठवणे आणि डॉक्टर बोलतील ते पेशंटला त्याच्या भाषेत समजावून सांगणे, हे माझं काम. शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं, कारण डॉक्टरांना वेळ नसतो आणि पेशंटला डॉक्टरांना विचारायचं धाडस नसतं. पण पांढरा कोट आणि हातात बॅटरी बघून वसाहतीतले लोक मला डॉक्टर म्हणू लागले. सुरुवातीला मी म्हणायचो, "अहो, मी डॉक्टर नाही." मग म्हणायचं सोडलं. रेघबाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पण त्याही मला "या डॉक्टर, बसा डॉक्टर" म्हणायच्या. सरळ बोलणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकताना मला ते खरंच वाटायचं.

त्या वर्षी थंडीत विहाराच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर भरवलं होतं. बाहेरून एक डॉक्टर आले होते, डोळ्याच्या आतल्या पडद्याचे. मी लोकांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवत होतो. बाईंची पाळी आली. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ तपासलं, आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. बाईंना बाहेर बसायला सांगून ते मला म्हणाले, "यांच्या दोन्ही डोळ्यांत मोठे ड्रूसेन आहेत. चौकटीचा कागद द्या. रोज बघायला सांगा, एक डोळा झाकून, आळीपाळीने. रेघ वाकडी दिसली की त्याच आठवड्यात पाठवा. आठवडा म्हणजे आठवडा."

ड्रूसेन म्हणजे काय ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच असतील. माठाच्या तळाशी जसा गाळ बसतो, तसा वयाप्रमाणे डोळ्याच्या पडद्याखाली पिवळट गाळ साचतो. आत बघितलं की तो ठिपक्यांसारखा दिसतो. बारीक, सुटे ठिपके पुष्कळांना असतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण दमट रांगोळीने काढावेत तसे मोठे, कडा पसरलेले, एकमेकांत मिसळणारे ठिपके असले तर सावध राहायचं. तशा ठिपक्यांच्या खाली कधी कधी नको असलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरू लागतात. भिंतीत ओल आली की रंग फुगतो, तसा पडदा फुगतो. फुगलेल्या पडद्यावर सरळ रेघ वाकडी उमटते. त्या वेळी लगेच इंजेक्शनं मिळाली तर बरंच वाचू शकतं. उशीर झाला तर नजरेच्या मधोमध कायमचा डाग बसतो. चौकटीचा कागद म्हणजे गणिताच्या वहीसारख्या चौकोनांचा एक कागद आणि मधे एक टिंब. दोन पैशांची वस्तू, पण ओल सगळ्यात आधी तिलाच कळते.

हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. आता मी बाईंना काय सांगितलं ते लिहितो.

रांग दारापर्यंत गेली होती. बाई काळा चष्मा लावून बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय निघालं, डॉक्टर?"

"काही नाही हो बाई. वयाचे ठिपके. केस पिकतात, तसे पडद्यावर ठिपके पडतात."

"ठिपके? मग मधून रेघा काढल्या की झाली रांगोळी."

"तुम्हालाच जमेल ते."

मी त्यांच्या हातात कागद दिला. "हा भिंतीला लावा. रोज बघत जा."

"काय बघू?"

"रेघा सरळ आहेत ना, तेवढंच."

बाई बाकावरच्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "बघा हो! रेघ सरळ आहे का ते बघायला डॉक्टरांनी मला कागद दिला!" बाक हसलं, मीही हसलो. त्या हसण्यात "एक डोळा झाकून" हे तीन शब्द राहून गेले. "त्याच आठवड्यात" हेही राहून गेलं. पुढच्या माणसाचा नंबर मी पुकारला होता.

एक डोळा झाकण्याचं महत्त्व असं आहे. दोन भाऊ एका कामावर असले आणि एक आळशी निघाला, तर दुसरा दोघांचं काम ओढत राहतो आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. डोळ्यांचं तसंच असतं. बाई दोन्ही डोळे उघडे ठेवून रोज सकाळी कागद बघत होत्या आणि त्यांना सगळं सरळ दिसत होतं. त्या दरम्यान डावा डोळा मधोमध गेला, आणि ते त्यांना कळलंही नाही.

जयंतीला आठ दिवस राहिले असताना मी रंगांची यादी घ्यायला त्यांच्या घरी गेलो. बाईंनी चहा ठेवला आणि भिंतीवरचा कागद काढून माझ्यासमोर धरला.

"तुमच्या सरकारचा कागद बघा, डॉक्टर. छपाई वाकडी."

"वाकडी?"

"आधी बरा होता. मला वाटलं, स्वयंपाकघराच्या वाफेने फुगला असेल, म्हणून इस्त्री केली. तरी सुधारेना. मग शेवटी तांबड्या पेनाने दुरुस्त केला."

खरंच केला होता. मधल्या रेघा त्यांना जिथे चुकल्यासारख्या वाटल्या, तिथे त्यांनी पट्टी न लावता सरळ रेघा मारल्या होत्या. कडेच्या छापील चौकटी जशाच्या तशा होत्या. मधे टिंबाभोवती बाईंच्या तांबड्या रेघा पोळी फुगावी तशा बाहेर वाकल्या होत्या. खाली कोपऱ्यात तारीख, सही आणि शेरा होता: छपाई सुधारा.

मला तेव्हाच कळलं. हे तीन शब्द लिहायला मला बारा वर्षं लागली.

मी म्हणालो, "सरकारी काम, बाई!" आम्ही दोघेही हसलो. मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "नवीन आणून देतो," म्हणालो. चहा प्यायलो. यादी घेतली.

असं का केलं, याची बारा वर्षांत मी पुष्कळ उत्तरं तयार केली. खरं उत्तर छोटं आहे. बाईंना त्याच आठवड्यात पाठवायचं तर शिबिरात डॉक्टरांनी काय सांगितलं होतं आणि मी काय सांगितलं, हे त्यांना सांगावं लागलं असतं. मग त्या मला डॉक्टर म्हणाल्या नसत्या. आणि मनाला पटेल असं निमित्त तयार होतंच. आपल्याकडे मार्च संपला की कुठल्याही कामाला एकच उत्तर मिळतं, जयंती होऊ द्या. चक्र बाईंनीच काढायचं, मग आताच त्यांना इंजेक्शनाची भीती कशाला घाला? जयंती होऊ दे, सोमवारी नेतो. असं मी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला समजावून सांगण्यात मी चांगला होतो. तो माझा व्यवसायच होता.

जयंतीच्या सकाळी बाई अंगणात बसल्या. वर्तुळ दोरीने काढलं, ते नेहमीसारखं आलं. मग आरे. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाईंना हाताकडे बघताना पाहिलं. त्या थांबत होत्या, मान वाकडी करत होत्या, पुसत होत्या. एक आरा नागमोडी गेला. पुढचे दोन कडेला जाऊन एकमेकांना चिकटले. वंदना हळूच म्हणाली, "बाई, इथं दोन एक झालेत."

"कुठं?"

"हे बघा ना, इथं."

बाई वाकून बघत राहिल्या. "सरळ तर आहेत," त्या म्हणाल्या.

रांगोळीभोवती उभ्या असलेल्या बायकांतून कुणीतरी पुटपुटलं, "हात गेला गं बाईंचा." वंदनाने केरसुणीने ते आरे झाडले आणि आतून पट्टी आणून नव्याने काढले. तिचा त्यात काही दोष नव्हता, मिरवणुकीची वेळ झाली होती. बाई उठल्या आणि नळावर हात धुऊ लागल्या. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी धुत होत्या. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी ओला हात माझ्यासमोर सरळ धरला.

"डॉक्टर, हात गेला म्हणतात. तुम्ही बघा. थरथरतोय?"

हात फळीसारखा स्थिर होता.

"नाही, बाई."

"मग काय झालं?"

"ऊन फार आहे," मी म्हणालो. सकाळचे आठ वाजले होते.

त्यानंतरचा सोमवार आला आणि गेला. एका सोमवारी दवाखान्याची तपासणी होती, एका सोमवारी मलाच बरं नव्हतं. पौर्णिमा जवळ आली तेव्हा बाईंनी निरोप पाठवला की यंदा चक्र वंदनालाच काढू द्या. मी गेलो. बाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून हसल्या. "डॉक्टर, तुमचं नाक कुठं ठेवून आलात? कान दिसताहेत, टोपी दिसतेय, मधे काहीच नाही." मी त्यांना त्याच दिवशी रिक्षात घालून पडद्याच्या एका खाजगी डॉक्टरांकडे नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी सगळं पाहिलं. डाव्या डोळ्यात जुना डाग होता, उजव्यात ओल आणि रक्त. त्यांनी विचारलं, "रेघा वाकड्या दिसायला कधीपासून लागल्या?"

प्रश्न बाईंना होता. उत्तर मी दिलं. "झाले असतील आठ दिवस."

बाई शेजारीच बसल्या होत्या. कागदावर तारीख त्यांनी स्वतःच्या हाताने घातली होती, महिना उलटून गेला होता. तारीख विसरणारी बाई ती नव्हे. त्यांनी माझ्याकडे मान वळवली आणि पदर सारखा केला. वर्गात एका मात्रेची चूक न सोडणाऱ्या बाईंनी माझं ते वाक्य तसंच सोडलं. त्यांनी मला सांभाळून घेतलं, की डॉक्टर बोलताहेत म्हणजे तेच बरोबर असेल असं त्यांना वाटलं, हे मला कधीच कळलं नाही.

इंजेक्शनं झाली. ओल ओसरली, डाग राहिला. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलं असतं तरी खात्री देता येत नाही. पण संधी नक्की होती." हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं, बाईंना समजावून सांगण्यासाठी. मी बाईंना पहिलं वाक्य सांगितलं.

या आजारात माणूस पूर्ण आंधळा होत नाही. मधलं जातं, कडेचं राहतं. बाईंना अंगण दिसायचं, पण त्यावरची रांगोळी दिसायची नाही. ताट दिसायचं, ताटातली भाजी दिसायची नाही. द्वारकेला रस्ता ओलांडताना त्या माझा दंड घट्ट धरायच्या, कारण नुसत्या रस्त्यातून अचानक अख्खी रिक्षा उगवायची. पण बाईंनी तक्रार केली नाही. एक दिवस म्हणाल्या, "डॉक्टर, आयुष्यभर पोरांना समास सोडायला लावला. आता मला समासच उरलाय." आणि स्वतःच हसल्या. हळूहळू त्या कडेने बघायला शिकल्या. माझा चेहरा बघायचा तर त्या माझ्या डाव्या खांद्यापलीकडे भिंतीकडे बघायच्या. "काय गंमत आहे," त्या म्हणायच्या, "तुमच्याकडे बघितलं की तुम्ही नाहीसे होता. तुम्हाला बघायचं तर तुमच्याकडे बघायचं नाही."

मी रोज सकाळी आठ वाजता जाऊ लागलो. विंचूरहून त्यांची पुतणी सुनीता राहायला आली होती, ती दार उघडायची. मी तासभर पेपर वाचून दाखवायचो. वसाहतीत माझं कौतुक झालं. "डॉक्टर आहेत म्हणून, नाहीतर कोण करतं कुणासाठी?" निवृत्तीनंतर तर विहारात माझा सत्कार ठेवला. शाल रेघबाईंच्या हस्ते. त्यांनी शाल चाचपत माझ्या खांद्यावर घातली आणि माइकवर म्हणाल्या, "डॉक्टरांमुळे माझा समास तरी वाचला." टाळ्या झाल्या. ती शाल अंगावर घेऊन मी दोन तास व्यासपीठावर बसलो होतो आणि मला उठता येत नव्हतं.

नंतरची वर्षंही तशीच गेली. जायचं बंद करावं तर बाईंना वाचून कोण दाखवणार? जात राहावं तर रोज तो "या डॉक्टर" हा शब्द अंगावर यायचा. सांगून टाकावं, असं दारातून आत जाताना रोज ठरवायचो आणि पेपरची घडी घालून बाहेर पडायचो. घरी आमच्या सौभाग्यवतींनाही सांगितलं नाही. त्या म्हणायच्या, "बाईंकडे गेलात की येताना तुमचा चेहरा असा का होतो?" मी म्हणायचो, "बातम्याच तशा असतात."

एकदा सुनीता बाईंना दुसऱ्या एका दवाखान्यात तपासायला घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडला, तर बाई म्हणाल्या, "आज पेपर राहू द्या. एक विचारायचंय." नेहमीप्रमाणे त्या माझ्या खांद्यापलीकडे बघत होत्या, म्हणजे मला नीट बघत होत्या.

"काल तिथल्या एका मुलीने मला तसलाच चौकटीचा कागद दिला. म्हणाली, आजी, एक डोळा झाकून बघायचं. तसं असतं का हो ते?"

मी म्हणालो, "काही ठिकाणी तसं सांगतात."

बाई थांबल्या. वर्गात मुलाला उत्तर येत असतं पण तो देत नाही, तेव्हा मास्तरीण जशी थांबते, तशा. आत सुनीता भांडी लावत होती. मी पेपरच्या कडा जुळवत बसलो.

"आणि मी दुरुस्त केलेला कागद? तुम्ही नेला होतात."

"असेल कुठेतरी, बाई. शोधतो."

"हं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मान सरळ केली, म्हणजे त्यांच्या नजरेतून मी नाहीसा झालो, आणि म्हणाल्या, "वाच, सुखदेव."

सुखदेव हे माझं नाव. त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत बाईंनी मला पुन्हा कधी डॉक्टर म्हटलं नाही आणि अहो-जाहोही केलं नाही. "ये, सुखदेव. बस. स्पष्ट वाच, शब्द गिळू नकोस." सुनीताला वाटायचं, आत्याने मला मुलगा मानलं. लोकांनाही त्यात जिव्हाळा दिसला. मला माहीत होतं की मला वर्गात बसवलं आहे. बाईंनी मला हाकललं असतं तर मी सुटलो असतो. त्यांनी हाकललं नाही. चहा दिला, पेपर ऐकला, माझ्या नातवाची चौकशी केली, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा, मी निघताना चपला घालत असलो की आतून विचारायच्या, "सुखदेव, तो कागद सापडला का रे?"

"शोधतोय, बाई."

"बरं. सापडला की आण."

कागद माझ्या कपाटात, निवृत्तीच्या कागदांच्या फाइलीत होता. कुठे आहे ते मला आंधळेपणीही सापडलं असतं.

बाई गेल्या हिवाळ्यात गेल्या. आदल्या आठवड्यात त्यांना फार बोलवत नव्हतं. मी पेपर वाचत होतो. त्यांनी हात वर केला आणि हवेत डावीकडून उजवीकडे बोट नेलं, आस्ते, एका पातळीत. मी विचारलं, "काय, बाई?" त्या म्हणाल्या, "हात बघतेय." हात सरळ गेला होता. ज्यांना खात्री हवी असेल त्यांनी सुनीताला विचारावं, ती तिथेच होती. त्या दिवशी मी निघताना त्यांनी कागदाबद्दल विचारलं नाही. मी मुद्दाम चपला घालायला वेळ लावला, तरी विचारलं नाही.

माझं वय आता त्या वेळच्या बाईंच्या वयाहून जास्त आहे. मी दर वर्षी पडदा तपासून घेतो. एकही ठिपका नाही. तपासणारी मुलगी म्हणते, "काका, तुमचा पडदा अगदी स्वच्छ आहे." रोज सकाळी आठ वाजता मी एक डोळा झाकून चौकटीच्या कागदाकडे बघतो, मग दुसरा झाकून बघतो. सगळ्या रेघा सरळ दिसतात आणि अजून पुष्कळ दिवस दिसतील.

मंडळाला विनंती आहे की माझ्या नावाआधी डॉक्टर छापू नये. जयंतीच्या त्या चक्राबद्दल कुणी बोललं, तर बाईंचा हात गेला होता असं म्हणू नये. लेखासोबत एक चौकटीचा कागद जोडला आहे, तोही छापावा. त्यावर मधोमध तांबड्या पेनाने मारलेल्या रेघा वाकड्या आहेत आणि कोपऱ्यात तारीख आहे. छापखान्यात कुणी त्या रेघा सरळ करू नयेत. त्या बाईंनी मारलेल्या आहेत आणि त्यांना जसं दिसत होतं त्याप्रमाणे त्या बिनचूक आहेत. डाव्या बाजूला दोन बोटं जागा सोडावी.

कागद सापडला, बाई. तो हरवला नव्हता.